दाखला आणि दान

बंगळूरच्या आग्नेयेस कोरमंगलच्या कडेने निघणारा सर्जापूर रोड अगर, इब्बलूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र ही गावे मागे टाकीत आनेकल तालुक्यातील सर्जापूरपर्यंत जातो. यांना गावे म्हणावयाचे ते आता केवळ सवयीने. नाचणीच्या शेतांच्या जागी संगणक-कंपन्यांची आवारे आणि अनेकमजली वसाहती उभ्या आहेत, आणि गावांची नावे बसथांब्यांच्या पाट्यांवर तेवढी उरली आहेत. तलाव मात्र काही प्रमाणात टिकले. तलावांच्या बांधावर, पिंपळाच्या पारावर, एखाद्या नव्याने रंगवलेल्या देवळाच्या मागल्या अंगाला जुन्या शिळाही टिकल्या आहेत. काही उभ्या, काही कमरेपर्यंत मातीत गेलेल्या.

अशा एखाद्या शिळेपुढे थांबलेला एक तरुण कल्पावा. तो साताऱ्याकडचा आहे, नोकरीनिमित्त येथे आला आहे, आणि सकाळी तलावाभोवती फिरताना त्याला ती दिसली आहे. खालच्या चौकटीत शस्त्र उगारलेला पुरुष, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच पुरुष. कुणीतरी कुंकू वाहिले आहे. तरुणाच्या मनात 'वीरगळ' हा शब्द येतो. हा शब्द मराठीने कन्नडकडून घेतला आहे, वीराचा 'कल्लु' म्हणजे दगड. तेव्हा गावाकडून बरोबर आणलेला त्याचा शब्द मुळात याच भाषेचा होता, हे त्याच्या ध्यानीही येत नाही. तो खिशातील मोबाइलने छायाचित्र घेतो. ते आपल्यापाशी राहण्यापेक्षा सर्वांच्या उपयोगी पडावे, असे त्याला वाटते. त्यासाठी जगभरच्या स्वयंसेवकांनी उभारलेले एक भांडार आहे, विकिमीडिया कॉमन्स नावाचे, २००४ पासून चालत आलेले. तेथे तो जातो, आणि त्याच्यापुढे रकाने उभे राहतात. वास्तूचे नाव काय? संरक्षित वास्तूंच्या यादीतील तिचा क्रमांक कोणता? वर्ग कोणता? परवाना कोणता? तरुणाला यांपैकी एकाचेही उत्तर ठाऊक नसते. तो ते पान मिटतो आणि कामावर जातो.

या प्रसंगात कुणाचा दोष नाही, असे वरवर पाहता वाटेल. रकाने करणाऱ्यांनी शिस्तीसाठी रकाने केले, आणि तरुणाला वेळ नव्हता. अशा अडचणी दूर करून देणाऱ्याचा मार्ग सुकर करावा, याविषयी जी चर्चा होते ती बहुधा सोयीच्या भाषेत होते: पायऱ्या किती कमी कराव्यात, कळ कोठे असावी, नकाशा आपोआप उघडावा की नाही. वस्तुतः हा प्रश्न सोयीपुरता मर्यादित नाही. कोणाची साक्ष घ्यावयाची आणि कोणत्या गोष्टीविषयी घ्यावयाची, हे ठरविणारा तो प्रश्न आहे. तो नीतीच्या प्रांतातला आहे.

साक्षीचे मोल या परिसराला नवे नाही. सर्जापूर रोडच्या प्रारंभीच असलेल्या अगर येथील नवव्या शतकातील गंगकालीन लेखात इरुगमय्याचा मुलगा सिरिमय्या याने दोन तलावांना पाणी सोडण्याच्या मोऱ्या बसविल्याची आणि तिसरा तलाव बांधल्याची नोंद आहे. आज ज्या तलावांच्या अतिक्रमणांवरून शहरात वाद चालतात, त्यांच्या परंपरेचा हा अकराशे वर्षांपूर्वीचा दाखला. तेथून काही मैलांवर बेगूर आहे. तेथील पंचलिंग नागेश्वराच्या देवळातील इ. स. ८९० च्या सुमाराचा वीरगळ 'बेंगळूरू'च्या लढाईचा उल्लेख करतो. होयसळ राजा वीरबल्लाळ रानात वाट चुकला, एका म्हातारीने त्याला शिजवलेल्या शेंगांचे दाणे दिले आणि त्यावरून गावाचे नाव पडले, ही गोड कथा शतकानुशतके सांगितली गेली. बल्लाळाच्या पूर्वी सुमारे तीन शतके कोरलेल्या त्या दगडाने तिचा आधार काढून घेतला. मराठी वाचकाला जवळचे वाटेल असे उदाहरण शहराच्या उत्तर भागात आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतल्यावर ते शहाजीराजांकडे आले. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६६९ मध्ये मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवस्थानाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचे तेथील शिळालेख सांगतो. दानाचा हा लेख नसता तर येथील मराठ्यांची आठवण पुष्कळशी दंतकथेच्या स्वाधीन झाली असती.

हे लेख वाचले गेले, कारण कुणीतरी गावोगाव हिंडले. म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख बी. एल. राइस यांच्या 'एपिग्राफिया कर्नाटिका'चा पहिला खंड १८८६ चा, आणि बंगळूर जिल्ह्याचा खंड १९०५ चा. त्यांच्या हाताखालच्या माणसांनी शाईचे ठसे घेतले, नकला केल्या, गावाचे नाव आणि शिळेची जागा लिहून ठेवली. त्या खंडात नोंदलेल्या अनेक शिळा आज जागेवर नाहीत. कोणी पायात घातली, कोणी गटारावर आडवी टाकली. शोधकांना दगड सापडत नाही, नोंद तेवढी सापडते. उलटही घडते. हेब्बाळ येथे इ. स. ७५० च्या सुमाराचा कित्तय्याचा लेख २०१८ मध्ये स्वयंसेवी अभ्यासकांच्या नजरेस आला आणि परिसरातील नागरिकांच्या पुढाकाराने त्याला निवारा मिळाला. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या मिथिक सोसायटीने २०२१ पासून बंगळूरच्या शिलालेखांचे त्रिमितीय अंकीय जतन हाती घेतले आहे. या कामाचा मोठा भार पगारी विद्वानांच्या बाहेरील माणसांनी उचललेला आहे, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

छायाचित्रांचा इतिहास मात्र निराळ्या वाटेने गेला. भारतीय वास्तूंची पहिली मोठी छायाचित्रसंपदा एकोणिसाव्या शतकात लष्करी अधिकाऱ्यांनी घडवली. कॅप्टन बिग्ज याने १८५५ मध्ये विजापूर, धारवाड, म्हैसूर या भागांत छायाचित्रे घेतली ती सरकारी आज्ञेने. पुढे पुरातत्त्व खात्याने ही दृष्टी आपल्याकडे घेतली, आणि सामान्य माणसाच्या वाट्याला 'छायाचित्रण मना आहे' ही पाटी आली. केंद्रीय संरक्षणाखालील वास्तूंमधील ही मनाई जुलै २०१८ मध्ये अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालाचा मकबरा एवढे अपवाद ठेवून उठवण्यात आली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमाने तर वास्तूचे, आणि सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे, छायाचित्र घेण्याची व प्रसिद्ध करण्याची मोकळीक पूर्वीच दिली होती. कायद्याने दिलेले पहारेकऱ्याने अडवावे, हे आपल्याकडे नवल नव्हे.

या पार्श्वभूमीवर २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये एक साधी कल्पना पुढे आली. संरक्षित वास्तूंची सरकारी यादी घ्यावी, प्रत्येकीला क्रमांक द्यावा आणि सप्टेंबर महिन्यात कुणीही आपल्या जवळच्या वास्तूचे छायाचित्र काढून मुक्त परवान्याखाली सर्वांच्या भांडारात ठेवावे. 'विकी लव्हज मॉन्युमेंट्स' या नावाची ही स्पर्धा २०११ मध्ये युरोपभर झाली, तेव्हा १,६८,२०८ छायाचित्रे जमली आणि छायाचित्रांची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणून तिची गिनीज बुकात नोंद झाली. २०१२ मध्ये ती जगभर पसरली. भारतही तीत उतरला, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या सफदरजंग मकबऱ्याच्या एका छायाचित्राला जागतिक स्पर्धेचे पहिले पारितोषिक मिळाले.

चित्र देखणे होते, यात वाद नाही. परंतु सफदरजंगाच्या मकबऱ्याला छायाचित्राची गरज होती काय? जे आधीच पुष्कळांनी पाहिले आहे तेच पुन्हा पाहण्याकडे डोळ्याचा ओढा असतो, आणि यादी त्या ओढ्याला अधिकृत रूप देते. क्रमांक असलेल्या वास्तूचे चित्र देणे सोपे, क्रमांक नसलेल्या शिळेचे देणे अवघड. म्हणजे सुकरता ही सर्वांना सारखी वाटलेली नसते. ती आधीच प्रतिष्ठित असलेल्यांच्या पदरात अधिक पडते. शिवाय यादी निर्दोष असते असेही नाही. केंद्रीय संरक्षणाखालील वास्तूंपैकी ९२ जागेवर आढळल्या नाहीत, असे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. पुढे काही सापडल्या. डिसेंबर २०२२ मध्ये संसदीय समितीपुढे आलेल्या माहितीनुसार ५० वास्तू तरीही हरवलेल्याच होत्या. १४ वाढत्या शहरांनी गिळल्या होत्या, १२ धरणांच्या पाण्याखाली गेल्या होत्या आणि २४ चा ठावठिकाणाच लागत नव्हता. यादीत नाव होते, क्रमांक होता, कायद्याचे छत्र होते. त्या जागी अमुक दिवशी जाऊन उभा राहिलेला माणूस तेवढा नव्हता.

येथे अभ्यासकांचा आक्षेप उभा राहतो, आणि तो हलक्याने घेण्याजोगा नाही. दार फार उघडे ठेवले तर कचरा आत येतो, असे ते म्हणतात. चुकीची नावे, चुकीची गावे, पर्यटकांचे हसरे चेहरे आणि मागे अर्धवट दिसणारा कळस: अशा ढिगातून उपयुक्त दाखला निवडणे हे नवे श्रम होत. ज्ञान कष्टसाध्य असते आणि ते तसेच असावे. सोपे केलेले ज्ञान स्वस्त होते. मराठीत या विचाराला मोठी परंपरा आहे. राजवाडे दप्तरांमागे गावोगाव पायपीट करीत हिंडले. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला तो राज्याच्या आश्रयाने नव्हे, तर या हट्टाच्या बळावर. त्यांच्या नावाने आजच्या एका कळीवर भागणाऱ्या दानाची कीव करणे सोपे आहे.

परंतु राजवाड्यांच्या कष्टांत दोन निराळ्या गोष्टी होत्या. कागद जपणाऱ्या घरांची मनधरणी, प्रवास, उपासमार ही एक, आणि कागद कोणाकडे, कोणत्या स्थितीत मिळाला याची काटेकोर नोंद ही दुसरी. पहिलीमुळे त्यांचे चरित्र थोर झाले. साधन विश्वसनीय झाले ते दुसरीमुळे. पहिले कष्ट उद्या नाहीसे झाले तरी ज्ञानाची काही हानी नाही. आक्षेपक या दोहोंची गल्लत करतात. अडथळा म्हणजेच कसोटी, असे ते धरून चालतात.

अडथळ्याने कसोटी लागत नाही. त्याने बहुधा खोटे जन्मते, हे थोडा विचार करताच दिसेल. वास्तूचे नाव सक्तीचे केले की नाव ठाऊक नसलेला माणूस दोहोंपैकी एक करतो. प्रामाणिक असेल तर परत जातो. उत्साही असेल तर काहीतरी लिहितो: 'प्राचीन मंदिर', 'चोळकालीन मूर्ती', 'सतीचा दगड'. रकाना भरतो, चित्र आत जाते, आणि पुढच्या दहा जणांना ते नाव प्रमाण वाटू लागते. म्हणजे सक्तीने प्रामाणिकाला गाळले आणि धीटाला प्रवेश दिला. परीक्षागृहात ही रीत आपण ओळखतो. ज्ञानाच्या भांडारात तिला शिस्त म्हणतो. 'ठाऊक नाही' असे लिहिण्याची मुभा ही येथे केवळ सौजन्याची बाब राहत नाही. ती सत्याची पहिली अट होते.

याहून मोठी चूक अशी की जे तरुणाला खरोखर ठाऊक आहे ते त्याला कोणी विचारीत नाही. तो कोठे उभा होता. दगड बांधाच्या पाण्याकडच्या बाजूस होता की गावाकडच्या. त्याचे तोंड कोणत्या दिशेस होते. किती भाग मातीत होता. शेजारी खोदकाम चालले होते काय. कुंकू ताजे होते काय. बांधावर गुरे घेऊन आलेली म्हातारी त्या दगडाला काय म्हणते. शिळा कोणत्या राजवटीतील हे म्हैसूरचा किंवा पुण्याचा पंडित दहा वर्षांनीही सांगू शकेल. त्या सकाळी ती कोठे व कशी होती हे मात्र त्या एकाच माणसाला सांगता येते, आणि त्या सकाळनंतर त्यालाही नीटसे सांगता येणार नाही. देणाऱ्याला त्याच्याच पाशी असलेले मागावे आणि इतरांकडून मिळण्याजोगे मागू नये: सुकरतेचा सारा आग्रह या एका गोष्टीसाठी असावयास हवा.

अजाण हातांचेही काही खास देणे असते. झिजलेला लेख सरळ उन्हात वाचता येत नाही. तिरप्या प्रकाशात, सकाळी लवकर किंवा दिवस कलताना, अक्षरांच्या कडांना सावल्या येतात तेव्हा तो बोलू लागतो. अलिबागजवळच्या आक्षी येथील गद्धेगळाचा लेख हे मराठीतील प्रसिद्ध उदाहरण. शं. गो. तुळपुळे यांनी त्यातील शक ९३४ वाचला, त्यामुळे श्रवणबेळगोळच्या लेखाकडे असलेला आद्यत्वाचा मान आक्षीकडे गेला. त्या वाचनाविषयी पुढे मतभेद झाले ते झालेच. असा दगड वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला असताना त्यावरून गेलेल्या शेकडो माणसांनी निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या ऋतूंत घेतलेली छायाचित्रे जर एकत्र असती, तर एकाच भेटीत घेतलेल्या एका ठशावर इतका भार पडला नसता. एकाही छायाचित्रकाराला देवनागरीचे जुने वळण वाचता येत नसते, तरी चालले असते.

मात्र सुकरतेची बाजू घेणाऱ्यांनीही एके ठिकाणी थांबावयास हवे. मुक्त परवान्याखाली चित्र देणे म्हणजे ते कुणालाही वापरू देणे, बदलू देणे, विकूही देणे. नाव तेवढे देणाऱ्याचे राहते आणि दिलेली परवानगी परत घेता येत नाही. हे दान आहे, आणि दान जाणून केलेले असावे लागते. परवान्याचा रकाना 'सोपा' करण्याच्या नावाखाली तो नजरेआड केला तर देणाऱ्याची फसवणूक होते, मग हेतू कितीही सार्वजनिक असो. व्यंकोजींच्या लेखात गाव कोणते, कोणाला दिले, हे दगडावर कोरले गेले ते उगीच नव्हे. परवान्याचा अर्थ चार सरळ मराठी किंवा कन्नड वाक्यांत, देणाऱ्याच्या भाषेत सांगता येतो. तो न सांगणे हा आळस आहे.

दुसरी बाजू दगडाची, आणि त्याला कुंकू वाहणाऱ्यांची. लेख कोरलेल्या शिळेखाली धन पुरलेले असते ही समजूत महाराष्ट्रात व कर्नाटकात सारखीच पसरलेली आहे, आणि तिच्यापायी कित्येक शिळा उखडल्या गेल्या. तेव्हा निर्जन जागेतील शिळेचा नकाशावरील नेमका बिंदू जगासमोर ठेवणे म्हणजे चोराला वाट दाखवणे होऊ शकते. जागेची नोंद हवीच. ती सर्वांना दिसलीच पाहिजे असे नाही. हा विवेक यंत्राला करता येणार नाही, आणि तरुणावर एकट्यावर टाकणेही योग्य नाही. भांडार सांभाळणाऱ्या जाणत्यांनी तो करावयाचा आहे. चित्र घेण्यापूर्वी पूजा करणाऱ्याला विचारावे काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही परवान्यात नाही. ज्याला आपण वारसा म्हणतो तो त्या बाईचा देव आहे. विचारल्याने ती बहुधा नको म्हणणार नाही; न विचारल्याने तिचे जे जाते ते चित्रात दिसत नाही.

उरते एक भय, आणि ते खरे आहे. चित्र भांडारात पोचले की दगडाची जबाबदारी संपली, असे मन मानू लागते. बांधकाम करणाऱ्याला तर ते सोयीचेच: नोंद झालीच आहे, आता दगड हलवला तर बिघडले कोठे? २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री ब्राझीलचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी लोकांना आवाहन केले की आपापल्या भेटींतील छायाचित्रे पाठवा. हजारो आली. ती पाहताना जे वाटत असेल त्याला समाधान म्हणता येणार नाही. त्या चित्रांतून वस्तू परत आल्या नाहीत; काय गेले हे कळले, एवढेच. पण 'एवढेच' हा शब्दही जपून वापरावा. सर्जापूर रोडवरील तलावाच्या हद्दीविषयी उद्या वाद निघाला, तर अमुक तारखेस येथे शिळा होती, तिच्या मागे पाणी होते आणि मध्ये भिंत नव्हती, हे सांगणारे साधे, थोडे वाकडे आलेले छायाचित्र पारितोषिकप्राप्त चित्राहून अधिक कामाचे ठरेल. मात्र त्यावर तारीख आणि जागा हवी. ती नसली तर तो दगड कोठलाही असू शकतो, आणि कोठलाही असू शकणारा दगड न्यायालयात कोणाच्याच बाजूने बोलत नाही.

तो तरुण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या बांधावर येतो असे समजू. या वेळी म्हातारी तेथे आहे. त्याचे कन्नड तोडकेमोडके, तिला मराठी मुळीच येत नाही. तरी दगडाकडे बोट दाखवून त्याने विचारलेले तिला कळते. ती एक नाव सांगते, दोनदा सांगते, आणि मग दक्षिणेकडे हात करून, पूर्वी तो दगड तिकडे होता, रस्ता रुंद झाला तेव्हा येथे आणून ठेवला, असे काहीसे सांगते. तरुण छायाचित्र घेण्यापूर्वी तिच्याकडे पाहतो. ती मान हलवते. तो बांधावरच बसून पान उघडतो. वर्णनाच्या मोकळ्या जागेत तो म्हातारीने सांगितलेले नाव जसे ऐकू आले तसे लिहितो, दगड हलवल्याचे लिहितो, कोणी सांगितले ते लिहितो, तारीख घालतो. वास्तूच्या नावाचा रकाना अजून रिकामा आहे, आणि त्याच्या शेजारी लाल खूण आहे.